दगड खरा, घड्याळं उसनी

एक मुलगी असते, ती दीपस्तंभात राहते. तिच्याकडे एक लंगडा बगळा असतो. गावातली सगळी घड्याळं एके दिवशी उलटी फिरायला लागतात, आणि एक म्हातारा असतो जो कोटाच्या खिशात गरम दगड ठेवून हात शेकत असतो. कव्हर निळं. बस, माझ्याकडे एवढंच होतं. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, शेवटी काय झालं तेही नाही, आणि एवढ्याशा भांडवलावर मी कित्येक वर्षं ते लहानपणी वाचलेलं पुस्तक शोधत होते. म्हणजे रोज नाही, पण रात्री झोप लागेना की बगळा हजर.

मला आधी राग यायचा तो नावाचा. म्हाताऱ्याच्या खिशातला दगड लक्षात राहतो आणि कव्हरवर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलेलं नाव राहत नाही, हे काय गणित आहे? तर यावर 1987 मध्ये एक छान प्रयोग झालेला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगितला. गंमत अशी की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते, इंग्रजीत 'बेकर' हे आडनावही असतं आणि धंदाही, आपल्याकडे सुतार किंवा कुंभार असतं तसं. शब्द तोच, पण 'हे बेकरी चालवतात' असं सांगितलं की लोकांना जास्त आठवायचं आणि 'यांचं आडनाव बेकर' म्हटलं की कमी. कारण धंद्याला चिकटून बाकीचं बरंच काही येतं, भट्टी, वास, पिठाचे हात, आणि आडनावाला काहीच चिकटत नाही, ते नुसतं लेबल. पुस्तकाचं नाव पण तसंच. त्यात आठ-नऊ वर्षांच्या पोराला लेखकाशी काय घेणंदेणं, पुस्तक म्हणजे 'ते बगळ्याचं'.

चित्रांचं मात्र उलटं आहे. लायोनेल स्टँडिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये लोकांना तब्बल 10,000 चित्रं दाखवली, प्रत्येक काही सेकंदच, आणि नंतर जोड्या समोर ठेवून विचारलं की यातलं कुठलं पाहिलंय. साधारण 83 टक्के वेळा उत्तर बरोबर आलं! दहा हजारांत! पण नीट बघा, त्यांना आठवायला सांगितलं नव्हतं, ओळखायला सांगितलं होतं. दोन्ही वेगळी कामं आहेत. आठवताना सगळं तुम्हालाच आतून ओढून काढावं लागतं, ओळखताना समोर वस्तू असते आणि मेंदूला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. म्हणून डोळे मिटून डोक्याला ताण देत बसण्यापेक्षा त्या काळातल्या पुस्तकांची कव्हरं एकामागून एक बघत सुटणं जास्त फायद्याचं, कंटाळवाणं असलं तरी.

इथपर्यंत मी मेमरीची बाजू घेतली, आता तिची लबाडी.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि मग थोड्या थोड्या दिवसांनी, काहींना तर फार उशिरा, ती पुन्हा लिहायला लावली. हे काम त्याने 1932 मध्ये पुस्तकरूपात छापलं. गोष्टीत भुतं होती आणि बऱ्याच गोष्टी त्या इंग्रज मुलांच्या डोक्यावरून जाणाऱ्या होत्या. तर झालं काय, गोष्ट दर वेळी जरा आखूड झाली, विचित्र भाग गळले, ओळखीची कारणं घुसली, 'कनू'ची, म्हणजे तिकडच्या अरुंद नावेची, साधी होडी झाली आणि सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीला गेलेली माणसं मासे धरायला गेली. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. आठवण म्हणजे फोटो काढून ठेवलेला नसतो, दर वेळी आहे त्या सामानात नवीन बांधकाम असतं, आणि सामान कमी पडलं की मेंदू घरातलंच वापरतो.

हे वाचल्यावर मी माझ्या यादीकडे संशयाने बघायला लागले. बगळा? मी लहानपणी ओळखत असलेला एकमेव लांब पायांचा पांढरा पक्षी. म्हणजे हा तर नक्की घरातलाच माल. उलटी घड्याळं? जादूच्या कुठल्याही गोष्टीत बसतील. पण कोटाच्या खिशात गरम दगड, हे माझं डोकं कशाला बनवेल? ते कशातच बसत नाही. वेगळी, विजोड वस्तू जास्त लक्षात राहते हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्येच दाखवलंय, आणि मी त्याला माझी एक पुस्ती जोडते (हे माझं मत, शास्त्राचा नियम नाही): जो डिटेल सगळ्यात निरुपयोगी वाटतो त्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवायचा.

अजून एक घोळ म्हणजे आठवणीला पत्ता नसतो. काय घडलं ते राहतं, पण ते कुठून आलं, याच पुस्तकातून की दुसऱ्या, की कोणी तोंडी सांगितलेलं, ही चिठ्ठी आधी गळून पडते. म्हणून दोन पुस्तकं चिकटून एक होतात आणि आपण अस्तित्वातच नसलेलं तिसरं पुस्तक शोधत बसतो.

आणि मदतीला धावून येणारे लोक! 'त्यात कुत्रा होता का गं?' असं कोणी विचारलं की संपलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग बघा, गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं गाड्या 'आदळल्या' तेव्हा स्पीड किती होता आणि काहींना त्याहून जोरदार, 'चक्काचूर' छाप शब्द वापरून. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? जोरदार शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा कोणालाही सांगण्याआधी आपली यादी लिहून काढायची, नंतर कुत्रा आत शिरला तर निदान कळतं तरी.

सर्च इंजिन इथे का गळपटतं तेही सोपं आहे. ते मुळात शब्दांना शब्द जुळवतं आणि माझ्याकडे शब्द नव्हते, अर्थ होता, तोही अर्धा खोटा. आता अर्थावरून शोधणाऱ्या सिस्टिम आल्यात, आणि माहिती शोधण्याच्या तंत्राची जी आंतरराष्ट्रीय चाचणी अमेरिकेत 1992 पासून होते तिच्यात 2023 ला 'जिभेवर आहे पण आठवत नाही' अशा शोधांसाठी वेगळा विभाग काढला. मी अर्ध्या वाक्याची क्वेरी टाकली, फक्त म्हातारा, कोट आणि दगड. बगळा आणि घड्याळं मुद्दाम वगळली.

सापडलं.

बगळा नाही, सीगल, तो समुद्रावरचा पक्षी. लंगडा मात्र खरंच. कव्हर निळ्या-हिरव्याच्या अगदी सीमेवरचं, आणि यातही अर्थ आहे, 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की डोळ्यांना छटांमधले बारीक फरक दिसतात पण आठवताना उत्तर त्या रंगाच्या टिपिकल छटेकडे सरकतं, म्हणजे माझ्या डोक्याने 'निळं' अशी चिठ्ठी लावली आणि विषय संपवला. दगड पान 12 वर आहे, जसाच्या तसा.

घड्याळांचा मात्र त्या पुस्तकात पत्ताच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा बघितलं. म्हणजे उलट्या घड्याळांचं एक दुसरं पुस्तक आहे कुठेतरी, आणि त्याबद्दल माझ्याकडे एवढं एकच वाक्य आहे. त्याचं कव्हर कुठल्या रंगाचं होतं हे मला अगदी स्पष्ट आठवतंय, पण मी ते लिहिणार नाहीये.