लहान मुलांचा घसा आणि अँटिबायोटिकची मागणी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा सुरू झाला की जुन्या बाटलीचा मोबाइलवरचा फोटो दाखवून “मागच्या वेळचेच अँटिबायोटिक द्या” असे सांगणारे पालक लालबागच्या आमच्या दुकानात वारंवार येतात. आम्ही नकार देतो आणि काहींना त्याचा राग येतो, म्हणून त्यामागची कारणे येथे देत आहोत.

लहान मुलांच्या घशाचे बहुतेक संसर्ग विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. घसादुखीबरोबर नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल किंवा डोळे लाल झाले असतील, तर विषाणूची शक्यता अधिक असते आणि मूल साधारण आठवडाभरात बरे होते. याउलट सर्दी-खोकला नसताना अचानक ताप, गिळताना तीव्र वेदना आणि मानेतल्या गाठींना सूज असेल, तर, विशेषतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची शंका घ्यावी लागते. टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके मात्र दोन्हींत दिसतात. त्यामुळे निदान डॉक्टरांनी तपासूनच करावे.

उरलेली बाटलीही वापरू नये. पावडरमध्ये पाणी घालून केलेली अशी अनेक औषधे फ्रिजमध्ये ठेवूनही सातच दिवस टिकतात, शिवाय मात्रा वजनावर ठरते आणि मधल्या काळात मुलाचे वजन वाढलेले असते. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधे ‘शेड्यूल एच-1’ या कडक नियमांच्या सरकारी औषध-यादीत असल्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहिल्याशिवाय आम्हाला ती देता येत नाहीत, आणि तो नियम आम्हाला योग्यच वाटतो.

ताप व वेदनेसाठी पॅरासिटामॉल दर किलो वजनाला 10 ते 15 मिलिग्रॅम, किमान चार तासांच्या अंतराने, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा देता येते. हे सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारांत मिळते, म्हणजे बाटली बदलली आणि मात्रा तीच राहिली तर औषध दुप्पट जाते. आमच्या काउंटरवर वजनकाटा आहे. मुलाला घेऊन या, आम्ही मात्रा मोजून मापाच्या सिरिंजवर खूण करून देऊ. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. पेज, मऊ भात, कोमट सूप थोडे थोडे, पण वारंवार द्यावे.

श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळही गिळता येत नसेल, बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप असेल, तर दुकानात वेळ न घालवता थेट परळच्या वाडिया रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे.