मेलेल्यांना मॉर्मन करत नाहीत
‘मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे) लोक वंशावळी खणून मेलेल्यांना परस्पर आपल्या धर्मात ओढतात’ हा जुना समज चुकीचा आहे. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने १८४० मध्ये मृतांच्या नावाने बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून धर्मात घेण्याचा विधी) सुरू केला खरा, पण तो स्वीकारायचा की नाकारायचा हे त्या आत्म्यानेच ठरवायचं, अशी त्यांची श्रद्धा आहे. सभासदांच्या यादीत मृताचं नाव चढत नाही. मंदिरात मृत पुरुषाच्या वतीने जिवंत पुरुष, मृत स्त्रीच्या वतीने जिवंत स्त्री पाण्यात पूर्ण बुडते. पायाचा अंगठा वर राहिला तरी पुन्हा बुडावं लागतं. या विधीसाठी नावं पाठवायची ती आपल्याच पूर्वजांची. जन्माला ११० वर्षं झाली नसतील, तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. तरीही होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींच्या हत्याकांडात, मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं घुसवली गेली. त्यावरचा संताप रास्तच होता. १९९५ मध्ये चर्चने हे थांबवायचं कबूल केलं, पण नंतरही काही नावं शिरलीच.