एकनाड, रक्तगट आणि एकविसावं गुणसूत्र

एकनाड म्हणजे दोघांचा रक्तगट एक, आणि रक्तगट एक असला की मूल व्यंग घेऊन जन्माला येतं. पुण्यात लग्न जुळवताना हे वाक्य अजूनही कानावर पडतं, आणि ते बोलणारी माणसं अनेकदा चांगली शिकलेली असतात. अलीकडे कोथरूडमधल्या ओळखीच्या एका घरात डाऊन सिंड्रोम (वाढ आणि आकलन मंद ठेवणारी जन्मजात अवस्था) असलेली मुलगी जन्माला आली. बारशाच्या आधीच पत्रिका पुन्हा बाहेर निघाल्या. नाड वेगळी होती. मग रक्तगट पाहिले, तर दोघांचाही बी पॉझिटिव्ह. कारण सापडलं, असं घरातल्यांना वाटलं. तरीही सुनेला आणखी एक प्रश्न विचारला गेला: ग्रहण नीट पाळलं होतंस ना? त्या प्रश्नाचा मला मनापासून राग आला, म्हणून हा लेख लिहिते आहे.

आधी नाड. पत्रिकेत ती जन्मनक्षत्रावरून ठरते. नक्षत्रं 27, नाड्या 3, प्रत्येकीत 9 नक्षत्रं. म्हणजे पत्रिका न बघता लग्न केलेल्या दर तीन जोडप्यांपैकी साधारण एक एकनाडीचं निघणार. जगातले बहुसंख्य लोक पत्रिका न बघताच लग्न करतात. 36 पैकी 8 गुण ज्या नाडीला दिले आहेत तिचा मुलांच्या प्रकृतीशी खरोखर संबंध असता, तर तो कोणत्याही देशातल्या प्रसूतिगृहात नुसत्या डोळ्यांनी दिसला असता.

आता रक्तगट. ए, बी, ओ ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं; गुणसूत्र म्हणजे पेशीतला जनुकं वाहणारा धागा. नवरा-बायको दोघेही बी असणं म्हणजे हजारो जनुकांपैकी एका जनुकाची रूपं जुळणं, त्यापलीकडे काही नाही. रक्तगटाचा खरा प्रश्न आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असतं तेव्हा येतो. म्हणजे तिथे अडचण गट वेगळे असल्याची आहे, एक असल्याची नाही, आणि तिच्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन मिळतं.

आता खऱ्या कारणाकडे वळू. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. मजा म्हणजे हा आकडा बऱ्याच उशिरा नक्की झाला. तीसेक वर्षं 48 हाच आकडा शिकवला जात होता. 1956 मध्ये जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी तो दुरुस्त केला. पुढे तीनच वर्षांत, 1959 मध्ये, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 47 गुणसूत्रं असल्याचं फ्रान्समधून जाहीर झालं. त्यासाठी पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं अवघड काम मार्त गोतिए या डॉक्टरबाईंनी केलं होतं. शोधनिबंधावर पहिलं नाव मात्र जेरोम लजन यांचं लागलं आणि जग बराच काळ त्यांनाच ओळखत राहिलं.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. थॅलेसेमियासारख्या आजारात एका जनुकात बिघाड असतो आणि तो पिढ्यान् पिढ्या पुढे जातो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. स्वतः वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून लग्नाआधी रक्ताची हिमोग्लोबिन ए-2 ही तपासणी करून घेणं खरंच उपयोगाचं आहे. डाऊन सिंड्रोमचं बहुतेक वेळा तसं नसतं. तिथे जनुकं धडधाकट असतात, फक्त एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आलेल्या असतात. घराण्यात आधी कोणाला काही नव्हतं, हे अशा घरांत वारंवार ऐकू येणारं वाक्य अगदी खरं असतं. मग तिसरी प्रत येते कुठून?

मुलीच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्या 60 ते 70 लाख असतात, जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख उरतात, वयात येताना 3-4 लाख, आणि आयुष्यभरात जेमतेम 400 बीजांडकोशातून बाहेर पडतात. म्हणजे तुम्ही ज्या अंडपेशीपासून झालात ती तुमच्या आजीच्या पोटात घडली. या पेशींमध्ये अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं दोन टप्प्यांतलं विभाजन, तेव्हाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. एखादी अंडपेशी पंधराव्या वर्षी पुढे सरकते, एखादी बेचाळिसाव्या. तोवर ती तशीच थांबलेली असते.

थांबण्याआधी तिथे दोन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. पहिली म्हणजे प्रत्येक गुणसूत्राची नक्कल झालेली असते, आणि मूळ व नक्कल अशी दोन सूत्रं कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकत्र धरलेली असतात. या प्रथिनाचा आकार कड्याचा असतो. दोन सूत्रांना मिळून बांगडी चढवावी तसं ते बसतं, आणि गुणसूत्राच्या पूर्ण लांबीवर अशा पुष्कळ बांगड्या असतात. दुसरी गोष्ट जोडीची. त्या मुलीच्या आईकडून आलेलं 21 क्रमांकाचं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं 21 क्रमांकाचं एकमेकांना बिलगतात, एखाद्या जागी तुटतात, आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधले जातात. ही अदलाबदल विविधतेसाठी असते, असं आपण पाठ केलं. तिचं दुसरं काम मला त्याहून सुंदर वाटतं. अदलाबदलीच्या जागेपासून टोकापर्यंत, एकाच बांगडीत अडकलेल्या दोन सूत्रांपैकी एक आता एका गुणसूत्राला सांधलेलं असतं आणि दुसरं त्याच्या जोडीदाराला. त्यामुळे बांगड्या शाबूत आहेत तोवर जोडी सुटू शकत नाही.

अंडपेशी पुन्हा कामाला लागते तेव्हा तुर्कतंतू, म्हणजे पेशीतले ओढणारे प्रथिनांचे धागे, जोडीतल्या दोघांना दोन दिशांना ओढतात. ताण दोन्हीकडून समान आला, म्हणजे जोडी बरोबर लागली आहे, हे पेशीला कळतं. मग सेपरेज नावाचं विकर (एन्झाइम) गुणसूत्रांच्या भुजांवरच्या बांगड्या तोडतं आणि जोडीदार वेगळे होतात. मधल्या गुणसूत्रबिंदूपाशी असलेल्या बांगड्या मात्र तुटता कामा नयेत. मूळ आणि नक्कल यांना वेगळं करण्याची पाळी दुसऱ्या विभाजनात येते. तोवर शुगोशिन हे प्रथिन त्या बांगड्यांचं रक्षण करतं. एकाच पेशीत, एकाच वेळी, भुजांवरची कडी तोडायची आणि मधली राखायची, इतकं हे नेमकं काम आहे.

आता अडचण कुठे येते ते पाहा. या बांगड्या ती मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच चढवल्या जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की झिजलेल्या बांगड्यांच्या जागी अंडपेशी नव्या चढवत नाही. वर्षं जातात तशा त्या कमी होतात. पुरेशा उरल्या नाहीत तर जोडी वेळेआधी सुटते, ताणाची खूण मिळत नाही, आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जाऊ शकतात. मग अंडपेशीतली दोन आणि शुक्रपेशीतलं एक मिळून तीन होतात. एकविसावं गुणसूत्र तर सगळ्यांत लहान, क्रमाने पुढच्या बाविसाव्यापेक्षाही लहान. त्यात बहुधा एकच अदलाबदल होते. ती अगदी टोकाजवळ झाली तर तिच्या पलीकडे जोडी धरायला बांगड्या फारच थोड्या उरतात. ती गुणसूत्रबिंदूच्या अगदी जवळ झाली तर वेगळा गुंता होतो, आणि तो वय वाढलेल्या अंडपेशींत जास्त आढळतो. कधी कधी अदलाबदल होतच नाही. म्हणजे चुकीचं बीज काही वेळा आजीच्या पोटातच पडतं, आणि ते उघडं पडतं तीस-चाळीस वर्षांनी.

आईच्या पंचविशीत डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण 1200 मध्ये 1 असते, पस्तिशीत 350 मध्ये 1, चाळिशीत 100 मध्ये 1. जादा गुणसूत्र सुमारे 90 टक्के वेळा अंडपेशीतून येतं. हे लिहिताना मला धाकधूक वाटते, कारण घराघरांत यातलं ‘आईकडून’ एवढंच उचललं जाईल. शुक्रपेशी वयात आल्यापासून सतत नव्याने बनतात आणि अंडपेशी दशकानुदशकं थांबते, एवढाच हा फरक आहे. बाईने काय खाल्लं, काय पाहिलं, विळी-कात्रीला हात लावला की नाही, यातलं काहीही त्या कड्यांपर्यंत पोचत नाही. शिवाय गुणसूत्रांची संख्या बहुतेक वेळा गर्भ राहण्याच्या क्षणीच ठरून गेलेली असते. सातव्या महिन्यातलं ग्रहण ती वाढवू शकत नाही आणि गर्भसंस्काराच्या वर्गात ऐकवलेला कोणताही मंत्र ती कमी करू शकत नाही. संगीत ऐकून आईला बरं वाटत असेल तर तिने जरूर ऐकावं; ‘निर्दोष बाळ’ देण्याचं आश्वासन फीसह विकणं मात्र मला अन्यायाचं वाटतं.

जाहिरातबाजी विज्ञानाच्या बाजूनेही होते. आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी एनआयपीटी ही चाचणी ‘99 टक्के अचूक’ म्हणून खपवली जाते. 1000 मध्ये 1 शक्यता असलेल्या 1 लाख स्त्रियांची चाचणी केली असं धरा. बाधित गर्भ 100, त्यातले 99 सापडले. खोटा इशारा हजारात एक धरला तरी निरोगी गर्भांतही सुमारे 100 इशारे येणार. म्हणजे हातात आलेला ‘पॉझिटिव्ह’ निकाल खरा असण्याची शक्यता निम्मीच. चाचणी चांगली आहे, पण ती चाळणी आहे. नक्की निदान वारेचा (प्लासेंटाचा) नमुना किंवा गर्भजल तपासूनच होतं, आणि त्याआधी कोणताही निर्णय घेऊ नये.

जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत, चेहऱ्यावरून डाऊन सिंड्रोम स्पष्ट दिसत असला तरी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यावीच. सुमारे 95 टक्के मुलांत तिसरं गुणसूत्र सुटं असतं. ते तसं असेल तर आई-वडिलांची तपासणी सहसा लागत नाही, आणि तरुण आईला पुढच्या खेपेला धोका साधारण 1 टक्का असतो. तीन-चार टक्के मुलांत मात्र जादा एकविसावं दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. अशा वेळी आई-वडील दोघांचंही रक्त तपासायला हवं, कारण त्यांच्यापैकी कोणी 45 गुणसूत्रांचा निरोगी वाहक असू शकतो. 14 आणि 21 ची अशी जोड आईत असेल तर पुढच्या खेपेचा धोका 10 ते 15 टक्के, वडिलांत असेल तर बराच कमी. दोन्ही एकविसावीच एकमेकांना चिकटलेली असतील तर त्या वाहकाचं जगणारं जवळपास प्रत्येक मूल डाऊन सिंड्रोमचं असतं. आणि वाहक सापडला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनीही मूल होऊ देण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.