गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, म्हणजे बॅटरी गेली?

‘इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडलं की बॅटरी बदला,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण बॅटरीशिवाय गाडी सुरूच होत नाही.

पण बॅटरीवर सर्वांत मोठा भार पडतो तो स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरवताना. तो जोमात फिरून इंजिनाने पेट घेतला, तर बॅटरीने अवघड काम केलेलं असतं. पुढची वीज इंजिनावर फिरणारं जनित्र, म्हणजे अल्टरनेटर देतो. खात्रीसाठी बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा: बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.५ ते १४.५.

आता पेट्रोल गाडीत हलका ॲक्सिलरेटर देऊन पाहा. तेवढ्याने इंजिन टिकलं, तर संशय थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काजळीवर. साफसफाईत काम भागू शकतं. तरीही बंद पडलं, तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली इंधन पंपाची घरघर येते का ऐका; आली नाही, तर संशय पंपावर. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही. दुसरी चावी वापरून बघा.

एक कळकळीची विनंती: चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून तपासू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जळू शकतो.