आर्मेनिया (रोमन व आद्य ख्रिस्ती काळ)

रोम आणि इराण या दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेला डोंगराळ प्रदेश. वान सरोवर, आरारात पर्वत व अरास नदीचे खोरे हा त्याचा गाभा. तिग्रान दुसरा (इ. स. पू. ९५–५५) याचे साम्राज्य सिरियापर्यंत पसरले होते, ल्यूकलस व पॉम्पी या रोमन सेनापतींच्या स्वाऱ्यांनंतर ते आटले. इ. स. ६३ च्या ऱ्हांडिया येथील समझोत्याने राजा तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियन आर्सासिड घराण्यातला आणि मुकुट रोमच्या हातचा, असे ठरले. त्याप्रमाणे ६६ मध्ये रोमन सम्राट नीरोने त्रिदात पहिला याला रोममध्ये मुकुट घातला. सम्राट ट्रेजनने ११४ मध्ये येथे केलेला रोमन प्रांत त्याच्यामागून आलेल्या हेड्रियनने लगेच सोडून दिला.

राजा त्रिदात (तिसरा, काहींच्या मते चौथा) याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचा काळ वादग्रस्त आहे. परंपरेने तो ३०१ मानला जातो. मात्र ज्याच्यावर सारी कथा उभी आहे तो आगाथांगेलोसच्या नावाचा वृत्तांत पाचव्या शतकातला असून, राजाला रानडुकराची अवस्था आल्यासारखे चमत्कार त्यात इतिहासाशी गुंफलेले आहेत. रोमच्या पाठबळावर गादीवर असलेल्या राजाने रोमन साम्राज्यातील ३०३ च्या ख्रिस्तींच्या छळसत्राच्या तोंडावर ख्रिस्ती धर्म स्वीकारला असेल, हे अनेक संशोधकांना पटत नाही. राजाला ख्रिस्ती करणाऱ्या संत ग्रेगरीला बिशपपदाची दीक्षा देणारा, कॅपाडोशियातील सिझेरियाचा बिशप लिऑन्शियस ३१४ च्या अँकायरा येथील बिशपांच्या परिषदेच्या सुमारास होऊन गेला. या आधारे ३१४ च्या आसपासचा काळ अधिक संभवनीय वाटतो. तथापि रोमन सम्राट मॅक्सिमिनस दाइआने ख्रिस्ती आर्मेनियनांशी युद्ध केल्याचे समकालीन चर्च-इतिहासकार युसीबिअस सांगतो, आणि ती घटना ३१२ च्या सुमाराची आहे. पूर्वीच्या तारखेच्या समर्थकांचा हा भक्कम पुरावा होय. राजाच्या दीक्षेपूर्वीही येथे ख्रिस्ती होते, यात शंका नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने त्यांना पत्र लिहिले होते; त्यांचा बिशप तेव्हा मेरूझानीझ हा होता. दक्षिणेकडून एडेसाचा सिरियाक व पश्चिमेकडून कॅपाडोशियाचा ग्रीक, असे दोन प्रवाह येथे आले. थॅडियस व बार्थोलोम्यू या प्रेषितांची परंपरा नंतरच्या काळात आकारास आलेली दिसते.

सुमारे ३८७ मध्ये देशाची रोम व ससानियन इराणमध्ये फाळणी झाली. मोठा वाटा इराणकडे गेला. तेथील आर्सासिड राज्य ४२८ मध्ये संपले. दरम्यान, सुमारे ४०५ मध्ये, मेस्रोप माश्तोत्सने ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि बायबल आर्मेनियन भाषेत आले. राजा गेल्यानंतर या समाजाला एकत्र ठेवण्यात लिपी व चर्च यांचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागेल. इराणविरुद्धचे अवारायरचे युद्ध आणि कॅल्सिडनची ख्रिस्ती धर्मपरिषद दोन्ही ४५१ मधली. त्या परिषदेचा ख्रिस्तस्वरूपविषयक सिद्धान्त आर्मेनियन चर्चने पुढे नाकारला.