बाँब नव्हे, मूठभर वाळू

खानापूरला स्टँडजवळच्या टपरीवर परवा गोळीबाराच्या एका बातमीवरून चर्चा रंगली. "आत दारू भरलेली असतीय बघा, अंगात शिरली की बाँबगत उडतीय," एकानं निकाल देऊन टाकला. अंगात शिरून तुकडे होणाऱ्या बहुतेक गोळ्यांत स्फोटक नसतंच. अपवाद आहेत: १९८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत ते होतं, पण त्यांना लागलेली नेमकी फुटली नाही.

मग गोळी फुटते कशानं? पाण्यानं! स्नायूत सुमारे पाऊण भाग पाणीच. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर धावते. तिच्या नाकावरचा दाब म्हणजे समोरच्या पदार्थाची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हवेत तो जेमतेम एका वातावरणाएवढा (एक वातावरण म्हणजे भोवतालच्या हवेचा नेहमीचा दाब). पाण्याची घनता हवेच्या आठशे पट, त्यामुळे शरीरात शिरताक्षणी तो सहाशे वातावरणांवर जातो. शुद्ध शिसं दोनशेच्या आतच हार मानतं. त्यात या गोळ्या मुद्दाम कच्च्या केलेल्या: तांब्याच्या पातळ टरफलात बारीक छर्रे, किंवा दाबून बसवलेली धातूची पूड.

फुटल्यावर काय होतं, ते मलप्रभेच्या डोहावर पाहा. दगड टाका, डुबुक करून तळ गाठतो. तेवढ्याच जोरानं मूठभर वाळू मारा, वीतभर खाली तिचा जोर सरतो. एका तुकड्याचे आठ केले की प्रत्येकाचं वजन अष्टमांश होतं, समोरचं क्षेत्रफळ मात्र चतुर्थांशच. वजनाच्या मानानं अडथळा दुप्पट, म्हणून तो निम्म्या अंतरात थांबतो. जखम उथळ पण विखुरलेली. बाहेर पडल्याचं भोक सहसा नाहीच. (सिनेमातला काचेतून मागे उडणारा माणूस विसरा. ८ ग्रॅमची गोळी ७० किलोच्या माणसाला सेकंदाला ४ सेंटिमीटरची गती देते, बस्स.)

शवविच्छेदनात खरा घोळ इथंच. कातडीवर भोक एक, एक्स-रेत पांढरे ठिपके वीसेक. गोळ्या किती? ठिपके मोजून कळत नाही, वरची टरफलं शोधावी लागतात. गोळी कुठल्या बंदुकीतून सुटली हे सांगणारे, नळीतल्या पिळाच्या खाचांचे ओरखडे टरफलावरच उमटतात, आतल्या छर्ऱ्यांवर नाही. टरफल दातेरी चिमट्यानं उचललं तर आपलेच ओरखडे पुराव्यावर, म्हणून चिमट्याच्या टोकांना रबर लावतात. धारवाडला लेखक कलबुर्गी आणि बंगळुरूला पत्रकार गौरी लंकेश यांच्या हत्यांच्या तपासात गोळ्या-पुंगळ्यांवरच्या (पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच) अशाच खुणा ताडून पाहिल्या गेल्या.

गावठी कट्ट्याची नळी आतून गुळगुळीत असली, तर पिळाच्या खुणाच नसतात. मग पुंगळीच्या बुडावर पिन आपटल्याचा ठसा शोधायचा, पुंगळी मारेकऱ्यानं उचलून नेली नसेल तर.