टेन्शनर काढला, टायमिंग सुटलं

पांदण रस्त्यानं कपाशीचं गाठोडं मागे बांधून दुसऱ्या गियरमध्ये रेमटवलेल्या गाडीचं इंजिन कधी ना कधी हेडाजवळ (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागात) खर्र-खर्र करू लागतं. मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो आणि सांगतो, टायमिंग चेन ढिली झाली, टेन्शनर नवा बसवून देतो. (टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी इंजिनातली साखळी; तिची ढील दाबून धरतो तो टेन्शनर.) दोन बोल्टांचं काम, पंधरा मिनिटं. संध्याकाळी गाडी घरी येते. आवाज खरंच गेलेला असतो. पण सकाळी किक भलतीच हलकी लागते, वीस किका मारल्यावर गाडी कशीबशी उठते, पिकअप नाही, आणि कार्बोरेटरमधून मधूनच फट्‌ असा उलटा आवाज येतो. मग टेन्शनर डुप्लिकेट निघाला असं ठरतं आणि दुसरा आणला जातो. तो टेन्शनर बहुतेक वेळा चांगलाच असतो. काढघालीत चेन एक दात सरकलेली असते.

एका दातानं एवढं काय बिघडतं, याचा हिशेब सोपा आहे. क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला (दात्यांच्या चाकाला) क्रँकवरच्या स्प्रॉकेटच्या बरोबर दुप्पट दात असतात. समजा खाली 14 आणि वर 28. कॅमचा एक दात म्हणजे 360 भागिले 28, जवळपास 12.9 अंश. क्रँकच्या मापात ते दुप्पट, म्हणजे पावणेसव्वीस अंश. स्पार्कचं टायमिंग चार-पाच अंश हललं तरी चालवणाऱ्याला कळतं; इथे व्हॉल्व्हचं सगळं वेळापत्रक एका झटक्यात पंचवीस अंश सरकतं.

कॅम मागे पडला तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर निघालेला असतो तरी दार उघडंच, त्यामुळे आत ओढलेलं मिश्रण थोडं परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं. दाब कमी, म्हणून किक हलकी. कॅम पुढे गेला तर खालच्या वेगात गाडी बरी ओढते, पण वर जाताच दम सोडते. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळू शकतो. पुढे गेलेल्या कॅममध्ये धोका इनटेक व्हॉल्व्हला, मागे पडलेल्यात एक्झॉस्टला.

चेन सरकते कशी, हे समजायला तिच्या दोन बाजू वेगळ्या पाहाव्या लागतात. क्रँक चेनला ज्या बाजूनं खाली ओढतो ती बाजू कायम ताणलेली असते. दुसऱ्या बाजूनं चेन नुसती परत जाते. सगळी ढील तिथे साठते आणि टेन्शनर तिथेच दाबतो. उभ्या सिलिंडरच्या गाडीत ताणाची बाजू पुढची, सायलेन्सरकडची. टेन्शनर मागे, कार्बोरेटरखाली. स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनात ताणाची बाजू खालची आणि ढिलाईची वरची. टायमिंग ठरतं ते फक्त ताणाच्या बाजूवर. ढिलाईच्या बाजूला किती झोळ आहे, याच्याशी कॅमला घेणंदेणं नाही.

सगळ्यात जास्त घडणारी चूक इथेच आहे. कॅमचं स्प्रॉकेट बसवताना त्याच्यावरची खूण हेडावरच्या खुणेला मिळते, मिस्त्री खूश होतो, पण झोळ ताणाच्या बाजूला राहिलेला असतो. टेन्शनर बसतो, क्रँक फिरतो, तो झोळ ओढला जातो आणि कॅम तेवढा मागे राहतो. खूण डोळ्यांदेखत मिळालेली होती, म्हणून कोणी पुन्हा पाहतही नाही. क्रम असा हवा: आधी ताणाच्या बाजूची चेन बोटानं खेचून घट्ट करायची, ती तशीच धरून स्प्रॉकेट बसवायचं, खूण जुळली का पाहायचं आणि उरलेली सगळी ढील टेन्शनरकडे सोडायची. टेन्शनर यायच्या आधी तिथं बोटानं किंवा गुळगुळीत दांड्यानं चेन दाबून पाहावी. दाबल्यावर खूण हलली, तर ती खूण खोटी होती.

आता खुणांकडे वळू. डाव्या कव्हरवर दोन टोप्या असतात, मधली मोठी आणि वरची लहान. त्या रुंद पात्याच्या पेचकसानं उघडाव्यात. छिन्नी-हातोडीनं उघडल्या की खाच सपाट होते आणि पुढच्या वेळी टोपी निघतच नाही. मोठ्या भोकातून मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या) नटाला सॉकेट लावायचा, लहान भोकातून मॅग्नेटवरच्या रेषा पाहायच्या. प्लग काढून ठेवला की दाब राहत नाही आणि क्रँक दोन बोटांनी फिरतो. गाडी न्यूट्रलमध्ये असावी. किक मारून खूण आणायचा खटाटोप करू नये. किक खुणेवर थांबत नाही.

लहान भोकात दोन अक्षरं दिसतात, एफ आणि टी. क्रँक सरळ, म्हणजे इंजिन चालताना फिरतो त्या दिशेनं, फिरवताना एफ आधी येतं, टी नंतर. एफ म्हणजे आळशी वेगात (आयडलिंगला) स्पार्क पडायची जागा, टी म्हणजे पिस्टन अगदी वर. मॅग्नेट तेलकट-काळा असला की एफची रेषा टीची वाटते आणि अख्खं टायमिंग एफवर बांधलं जातं. कापडानं पुसा, बॅटरी मारा, अक्षर वाचा. टी ओलांडून पुढे गेलात तर क्रँक मागे आणू नका, आणखी फेरा घेऊन पुन्हा या. क्रँक उलटा फिरला की ओढणारी आणि ढिली बाजू आपसांत बदलतात, झोळ नको त्या बाजूला जातो, आणि टेन्शनर कमजोर असेल तर चेन दातावरून उडी घेते.

टी मात्र दोनदा येतो. एकदा दाबाच्या स्ट्रोकच्या शेवटी, एकदा धूर बाहेर टाकण्याच्या शेवटी. टेन्शनर काढायचा तो पहिल्या टीवर. त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, कॅमचे उंचवटे रॉकरपासून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांपासून) दूर असतात, कॅमवर कोणत्याही स्प्रिंगचा जोर नसतो. चेन ढिली झाली तरी कॅम जागचा हलत नाही. दुसऱ्या टीवर दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. टेन्शनर निघाला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात, तो टक्‌ करून गचका देतो आणि तुम्ही काही न करता दात सुटतो. ओळखायचं साधं आहे: टॅपेटची (रॉकरवरची) झाकणं काढा आणि रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोन्ही किंचित खुळखुळले तर जागा बरोबर. एकही घट्ट असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

(याच्या उलट एक गोष्ट, जिच्यावरून गॅरेजात वाद होतात. कॅम अर्धा फेरा उलटा बसला, तर? ज्या गाडीत स्पार्क मॅग्नेटवरून प्रत्येक फेऱ्याला पडतो, तिथे काहीच बिघडत नाही. कॅमचा अर्धा फेरा म्हणजे क्रँकचा पूर्ण फेरा. टी पुन्हा टीवरच येतो. घात करतो तो एक दात.)

टेन्शनरच्या तीन जाती गावाकडे भेटतात, आणि प्रत्येकीची खोड वेगळी. स्प्लेंडरच्या घराण्यात इंजिनाच्या खालून एक बोल्ट असतो. तो खोलला की स्प्रिंग, दांडी आणि सोबत तेल खाली येतं. दांडीच्या डोक्यावरचा रबर तडकलेला, झिजलेला असतो, किंवा आतलं छिद्र गाळानं बुजलेलं असतं. रॉकेलनं धुवून, आत थोडं इंजिन ऑईल सोडून, रबराचं तोंड वर करून दांडी, मग स्प्रिंग, मग वॉशरसह बोल्ट. जुनी स्प्रिंग नव्याशेजारी उभी करून उंची बघावी. ती हातानं ओढून लांब करणं किंवा मागे जादा वॉशर घालणं हा उपाय आवाज चार दिवस दाबतो आणि चेनचे रोलर, रबर दोन्ही खातो.

दुसरी जात रॅचेटची, दात असलेल्या दांड्याची. दांडा बाहेर सरकतो, परत येत नाही. हिचे बोल्ट फक्त ढिले करून, आवाज ऐकून, पुन्हा कसणं ही मोठी चूक आहे. बोल्ट ढिले होताच टेन्शनर मागे सरकतो आणि दांडा एक-दोन दात पुढे येतो. नंतर बोल्ट कसले की दांडा मागे जाऊच शकत नाही, तो चेनला दाबून धरतो. इंजिन शिट्टीसारखं वाजू लागतं आणि चेन जिच्यावर घासते ती गाइडची पट्टी कापली जाते. एकदा बोल्टाला पाना लागला की टेन्शनर पूर्ण बाहेर काढायचा, खटका दाबून दांडा आत न्यायचा, बॉडी बसवायची आणि शेवटी मागची स्प्रिंग व तिचा बोल्ट. स्प्रिंगनं दांडा पुढे ढकलताना टकटक ऐकू यायला हवी. हातात घेतलेल्या टेन्शनरचा दांडा अंगठ्यानं दाबून आत गेला, तर त्याचे दात गेले.

तिसरी स्क्रूची, होंडाच्या पुष्कळ गाड्यांत दिसते. मागचा छोटा स्क्रू काढून बारीक पेचकसानं आतली शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवली की दांडा आत जातो. सोडली की आतली गुंडाळी स्प्रिंग तो बाहेर पाठवते. बसवेपर्यंत शाफ्ट पातळ पत्र्याच्या किल्लीनं अडकवून ठेवतात. ती किल्ली काढायची राहून गेली आणि सेल्फ मारला, तर चेन पूर्ण मोकळी धावते. सहा हजार फेऱ्यांवर 14 दातांच्या स्प्रॉकेटवरून सेकंदाला 1,400 कड्या जातात, म्हणजे 6.35 मिलिमीटर पिचची (दोन कड्यांमधल्या अंतराची) चेन ताशी 32 किलोमीटरनं पळत असते. एवढ्या वेगात ढिली चेन दात सोडायला काय वेळ लागणार.

कोणत्याही जातीचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला निघाला, तर टेन्शनर नाही, चेन संपली आहे. नवा टेन्शनरही तितकाच बाहेर येईल.

हेड खोलायची वेळ आलीच तर चेनला बायंडिंग तार बांधून वर अडकवा. चेन खाली पडली आणि कोणी क्रँक फिरवला, तर ती खालच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन अडकते. क्रँक फिरवायचाच असेल तर तारेनं चेन वर ताणून धरावी. चेनच्या खोबणीत स्वच्छ फडकं कोंबून ठेवलं की स्प्रॉकेटचा बोल्ट आत पडत नाही. टेन्शनरला गॅस्केट कागदाचंच लावावं. सिलिकॉन भसाभस लावलं की आतल्या बाजूला त्याच्या अळ्या निघतात आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला 10 न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. त्याहून जास्त कसलं की अल्युमिनियमचे आटे हातात येतात.

सगळं बसलं की सेल्फला हात लावू नये. प्लग बाहेर असतानाच क्रँक सरळ दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅमचा एक फेरा होतो, टी लहान भोकाच्या कडेवरच्या खाचेसमोर येतो, कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ओ हेडाच्या खुणेसमोर यायला हवा. काही गाड्यांत ओऐवजी दोन रेषा असतात आणि त्या हेडाच्या कडेला समांतर लागतात. फिरवताना मधेच कडक अडल्यासारखं लागलं तर जोर करू नका. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. हाताला लागलं तोवर काही तुटलेलं नसतं. तीच गोष्ट सेल्फनं केली, तर व्हॉल्व्ह वाकतो.

आता एक अवघड जागा. दोन फेरे फिरवले, टी बरोबर, पण ओ खुणेच्या किंचित अलीकडेच थांबला. मिस्त्री म्हणतो, एक दात पुढे घे. घेऊ नका. चेन झिजली की ताणाची बाजू लांबते आणि कॅम मागे राहतो. ती बाजू 20 सेंटीमीटर आणि झीज 1 टक्का धरली तर 2 मिलिमीटर. 28 दातांच्या स्प्रॉकेटवर ते कॅमचे चार अंश, म्हणजे दाताचा तिसरा हिस्सा. एक दात पुढे घेतला की खूण दोन तृतीयांश दात पलीकडे जाईल, आधीपेक्षा दुप्पट चूक. जो दात खुणेच्या सगळ्यात जवळ नेतो तोच बरोबर. फरक अर्ध्या दाताच्या आसपास गेला, की कोणताही दात बरोबर बसत नाही. तेव्हा चेन बदलावी लागते.

मग प्लग लावा, ऑईल गेज पाहा (खालून बोल्ट खोललेला असेल तर तेल कमी झालेलंच असतं) आणि गाडी सुरू करा. पहिले दोन-तीन सेकंद खर्र झाली तर घाबरू नका, तेल पोहोचायला तेवढा वेळ जातो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर असताना मात्र थंड इंजिनाचा आवाज ऐकून गाडी देऊ नये. तापलेलं तेल पातळ होतं आणि तेलावर दबणारा टेन्शनर गरम इंजिनात, आळशी वेगावरच खरा बोलतो. गावाला एक चक्कर मारून आणा आणि मग पेचकस पुन्हा कानाला लावा. तरीही वाजत असेल, तर आधी सायलेन्सरच्या गार्डचे स्क्रू आणि टॅपेटची फट तपासा.